रांजणाचा डावा कान

भिंतीवरचा अंगठा माझ्या नणंदेचा होता. गुडघे बोलायला लागले म्हणून मी तिसऱ्या दालनातल्या बाकावर टेकले, चष्मा पुसला, वर पाहिलं, तर समोर वन्संचा अंगठा. दोन पुरुष उंच. छतापासून जमिनीपर्यंत नुसता अंगठाच, त्याच्या गोल गोल फिरणाऱ्या रेघा, आणि त्या रेघांना तिरकी कापत गेलेली ती खूण, टोकाशी बारीकशी वळलेली. ठशात सगळं उलटं दिसतं, डावीकडचं उजवीकडे जातं, तरी मी बघितल्याबरोबर ओळखला. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांचा चेहरा आठवतो, आवाज तर रोजच ऐकू येतो, पण अंगठा मी एकदाही आठवला नव्हता. कोण आठवतं हो अंगठा? त्या खुणेवर फडकं मीच बांधलं होतं. दुधाच्या पावडरीचा डबा उघडताना झाकणाची कड लागली होती, आणि एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारी ती बाई रक्त बघून ओट्याशी मटकन खाली बसली होती. भिंतीवर खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की पाच हजार वर्षांपूर्वी नदीकाठच्या वस्तीत एका बाईनं हा रांजण घडवला आणि ओल्या मातीवर आपला अंगठा सोडून गेली. मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं, जसं काही त्यानं मजकूर बदलणार होता.

प्रदर्शन उद्या उघडणार होतं. आज दुपारी घरच्यांना आधी दाखवायचं म्हणून ठकू मला घेऊन आली होती. ठकू म्हणजे वन्संची मुलगी, माझी भाची. चौतीस वर्षांची झाली तरी आम्ही ठकूच म्हणतो. हे सगळं प्रदर्शन तिनं मांडलेलं. वस्तू निवडणं, पेट्या, दिवे, भिंतींवरचा शब्दन् शब्द तिचा. दोन वर्षांच्या करारावर आहे ती या संग्रहालयात, आणि हे प्रदर्शन कसं होतं ते बघून पुढचं ठरणार आहे, असं तिला तोंडावर सांगितलेलं. त्यामुळे गेले सहा महिने घरात जेवताना, झोपताना, भांडताना आमच्या कानावर फक्त ती नदीकाठची वस्ती पडत होती. तिच्या मामानं शेवटी हात जोडले, म्हणाले, बाई गं, त्या लोकांना एकदा पुरून टाक परत. मी मात्र ऐकून घ्यायची. त्या वस्तीतली खापरं मी हाताळलेली होती. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला जी जोडकामाची खोली होती, तिथे मी आणि वन्सं, दोघी भावजय-नणंद, सव्वीस वर्षं शेजारी शेजारी बसलो आणि फुटलेली भांडी जोडली. जोडणाऱ्यांची नावं कुठे लिहीत नाहीत. तशी पद्धतच नाही.

बाकावरून उठावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. पहिल्या दोन दालनांतून येतानाच माझं अंग सैल पडलं होतं. आत सगळीकडे अंधूक उजेड, पायाखाली वाळूच्या रंगाचा गालिचा, चालल्याचा आवाज नाही, आणि कुठून तरी पाण्याचा आवाज, अगदी हळू. पहिल्या दालनात त्यांनी खड्ड्याची एक उभी कड जशीच्या तशी आणून उभी केलीय. राखेचा थर, मातीचा थर, पुन्हा राख. मी तिच्यासमोर उभी होते तेव्हा काचेत माझंच तोंड त्या थरांवर पडलं होतं, कपाळावर राख आणि हनुवटीशी माती. दुसऱ्या दालनात एक चूल. नुसती तीन दगडांची जागा आणि काळा डाग, पण मला तिथे ऊब लागली. खोटं नाही सांगत, हात पुढे करून शेकावेत असं वाटलं. कुणीतरी त्या डागाजवळ उकिडवं बसून पोराला ओरडलं असेल, पाणी सांडू नकोस म्हणून. कुणीतरी कुणाची तरी नणंद असेल. पाच हजार वर्षं म्हणजे किती, ते मला सव्वीस वर्षांत कधी कळलं नाही. संग्रहालयाचे मोठे साहेब यायचे आणि आकडे सांगायचे, पाच हजार, साडेपाच हजार, आणि वन्सं खाली मान घालून मला हळूच म्हणायच्या, वहिनी, गिरणीतून पीठ आणायचं राहिलं हो.

ती खोली आता पाडलीय म्हणे, तिथे गाड्या लावतात. उत्तरेकडची मोठी खिडकी, दोन लांब टेबलं, वाळूची ताटं. जोडलेला तुकडा सुकेपर्यंत वाळूत उभा खोचून ठेवायचा, की हलत नाही. कधी कधी संध्याकाळी त्या वाळूत नुसते काठ, कान, बुडं अशी अर्धी अर्धी भांडी उभी असायची आणि वन्सं म्हणायच्या, झोपली बघा सगळी. डोळ्यांनी खापर जुळत नाही, बोटांनी जुळतं. कडेवरून बोट फिरवायचं, जाडी बघायची, आणि कधी नुसतं जिभेच्या टोकाला लावायचं. जुनं खापर जिभेला धरतं, सोडत नाही पटकन. ठकूच्या बापानं ती दीड वर्षाची असताना दूरच्या गावी नोकरी धरली, ती धरलीच. पत्र नाही, पैसा नाही. वन्सं पोरीला घेऊन भावाकडे, म्हणजे आमच्याकडे आल्या आणि महिनाभर काही बोलल्या नाहीत. मग मीच त्यांना कामावर घेऊन गेले. पहिल्या दिवशी त्यांनी एक खापर जिभेला लावलं आणि म्हणाल्या, हे बरं आहे, हे तरी धरून ठेवतं. मी हसले आणि मग मोरीवर जाऊन रडले. दुसऱ्या वर्षापासून त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला चालायला लागला. हे मी त्या जिवंत असताना कबूल केलं नाही. आता करते.

हा रांजण आमच्याकडे आला तेव्हा त्याचे एकसष्ट तुकडे होते. दोन महिने लागले. काठ जिथे पूर्ण होता ती बाजू आम्ही पुढची धरली. उजवा कान जागेवर होता, आणि त्या कानाच्या मुळाशी, कान पक्का बसावा म्हणून घडवणाऱ्यानं दाबलेल्या अंगठ्याची खळी होती. नुसती खळी, रेघा केव्हाच झिजलेल्या. डावा कान मात्र मुळापासून गायब. तिथे भरण घालायचं होतं. भरणाचा आमचा एक नियम असतो आणि तो पहिल्या दिवशी शिकवतात. प्लॅस्टरमध्ये रंग कालवायचा, पण मूळ मातीपेक्षा एक छटा फिका, आणि भरण केसभर खोल ठेवायचं. लांबून बघणाऱ्याला भांडं अखंड दिसावं, पण जवळ आलेल्याला कळलं पाहिजे की इथून पुढे आमचं आहे. फसवायचं नाही. त्याच आठवड्यात मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आमच्या खोलीत आले आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, या आमच्या ठिगळवाल्या. पाहुणे हसले. वन्संनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. साहेब गेल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, एकच ठिगळ असं लावूया, की या माणसाला सापडता कामा नये." मला नाही म्हणता आलं असतं. वरिष्ठ मी होते. मी काय केलं, तर जी खापरं कशालाच जुळत नाहीत त्यातली चार बारीक कुटली, चाळली आणि त्या पुडीचा रंग प्लॅस्टरमध्ये असा मुरवला की एक छटा सोडा, अर्धी छटाही फरक राहिला नाही. आणि वन्संनी डावा कान घडवला, समोरच्या खळीसारखी खळी हवी म्हणून त्याच्या मुळाशी अंगठा दाबला, वर पातळ सरस, वर धूळ. साहेबांनी रांजणाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, वा, डाव्या बाजूला फारसं काम नव्हतं वाटतं. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून तोंड दाबून हसत होतो. दुसऱ्या दिवशी तो कान खरवडून फिका करायचा असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचायच्या आत रांजण पेटीत भरून कोठारात गेला. नोंदवहीत मी लिहिलं, गळ्याखाली काही ठिकाणी भरण, छटा फिकी. माझ्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली.

"मामी! इथे बसलीयेस होय?" ठकू आली. तिच्या हातात मोजमापाची पट्टी, कानाला पेन्सिल, डोळ्यांखाली काळं. माझ्या शेजारी धप्पकन बसली आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत म्हणाली, "कसं झालंय?"

"छान झालंय," मी म्हटलं.

"छान?" ती वळलीच. "तू छान म्हणालीस? बरं वाटत नाहीये का तुला? पाणी आणू?"

खरं आहे तिचं. मी आयुष्यात कशाला छान म्हटलेलं नाही. तिला सांगून आलेल्या मुलांना नाही, तिच्या पदवीला नाही. मी म्हटलं, "दिवे जरा कमी वाटतात." ती निवांत झाली. मग ती सांगायला लागली, आणि मला ऐकवेना. म्हणाली, कोठारातला प्रत्येक रांजण तिनं भिंगाखाली बघितला, आणि एका संध्याकाळी हा ठसा सापडला. म्हणाली, दुसऱ्या कानापाशी पण आहे गं एक, पण पुसट, नुसता खड्डा. हा बघ कसा लख्ख आहे. बाहेरगावच्या तज्ज्ञाला फोटो पाठवला, त्यांनी मापं घेऊन सांगितलं, बाईचाच अंगठा, पस्तिशीच्या आतबाहेरची, आणि ती खूण गारगोटीच्या पात्यानं कापल्याची, कापणीच्या वेळी वगैरे. मला दुधाच्या पावडरीचा डबा आठवला आणि हसू इतकं आलं की मी खोकल्याचं सोंग केलं. "पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर पण हाच आहे. उद्यापासून शाळेची मुलं येतील ना, ती तिथे खाली, त्या मातीच्या साच्यात आपला अंगठा लावून बघतील," ठकू म्हणाली. आणि मग अगदी हळू, "हसू नकोस हं मामी. पण मी रोज निघताना हिच्याशी बोलते. म्हणजे, कसं सांगू, दिवस वाईट गेला तर हिला सांगते. ही ओळखीची वाटते मला."

मी तिचा हात धरला. काहीतरी धरणं भाग होतं. त्या क्षणी मला मनापासून वाटलं, तोंड उघडू नकोस बये. कुणाला कळणार आहे? वन्सं नाहीत, मोठे साहेब नाहीत, खोली नाही, राहिले मी, आणि मी तरी किती दिवसांची. जिचं नाव आयुष्यभर कुठे लागलं नाही ती बाई एवढी मोठी होऊन भिंतीवर उभी आहे, आणि तिची पोर रोज संध्याकाळी तिच्याशी बोलतेय. याहून चांगलं मला तरी काय करता आलं असतं? पाण्याचा तो आवाज चालूच होता. मला वाटत होतं की आम्ही दोघी त्या बाकासकट हळूहळू खाली चाललोय, राखेच्या थरातून मातीच्या थरात, आणि तिथे बरं आहे, थंड आहे, कुणी काही विचारत नाही. पण मग मला ठकूचे हात दिसले. नखांच्या कडा कुरतडलेल्या, बोटांना पट्टीचे वळ. उद्या नाही तर वर्षानं, कुणीतरी शहाणा टोचणी घेऊन येईल, डाव्या कानाशी एक कण खरवडेल आणि खालून पांढरं निघेल. तेव्हा ही एकटी उभी असेल, मी बहुतेक नसेन, आणि सगळे हिला हसतील. मला भीती वाटली. ही मला कधी माफ करणार नाही याची, आणि नोकरी गेली तर माझ्यामुळे जाईल याची. बोलले तरी भीती आणि नाही बोलले तरी.

"ठकू," मी म्हटलं, "तो डावा कान खोटा आहे. भरण आहे ते. रंग मी कालवला होता. आणि तो अंगठा तुझ्या आईचा आहे."

ती आधी हसली. "काहीतरीच काय मामी." मग माझं तोंड बघून थांबली. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. मी सांगत राहिले, साहेबांचं, ठिगळवाल्यांचं, खापराच्या पुडीचं, डब्याच्या झाकणाचं. सगळं सांगून झाल्यावर ती उठली आणि एकदम ओरडली, त्या मऊ गालिच्यावर आवाज घुमलाही नाही. "नोंदवही मी तीन वेळा वाचली! तीन वेळा! 'छटा फिकी' असं लिहिलंय तू. मी फिकं फिकं सगळं वगळलं आणि जे फिकं नाही ते खरं धरलं. तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवला मी. दुसरं कुणी असतं तर तपासलं असतं. तू होतीस म्हणून नाही तपासलं."

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे पण मी सहसा म्हणत नाही.

"चुकलं काय चुकलं! उद्या अकराला लोक येणारेत." ती दोन पावलं गेली, परत आली, पुन्हा गेली. मग कोपऱ्यातल्या खोक्यातून हातमोजे काढून चढवले, किल्लीनं काचेची पेटी उघडली आणि मला म्हणाली, "ये. बूड धर." सव्वीस वर्षांची सवय, मी गुडघे विसरून उठले. मोजे घातले, दोघींनी मिळून रांजण उचलला नाही, नुसता जागेवर फिरवला, तसूतसूनं, श्वास धरून. उजवा कान पुढे आला. त्याच्या मुळाशी ती खळी, गुळगुळीत, काही न सांगणारी. दिवा तिच्यात पडला आणि तिथेच राहिला. ठकूनं वाकून बघितलं. "हिचं काहीच राहिलं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "दाबलंय ना जोरात. तेवढं राहिलंय."

मग तिनं संचालकबाईंना फोन लावला. मी बाकावर परत येऊन बसले आणि दुसरीकडे बघायला लागले, पण कान तिकडेच. तिनं काही लपवलं नाही, मामीनं सांगितलं म्हणाली, आईचा आहे तेही सांगितलं. मग "हो", "हो बाई", "समजलं", "भिंत आजच उतरवून घेते", "नाही, पुस्तिका द्यायच्या नाहीत". फोन ठेवून ती आली. उद्या अंगठ्याशिवाय उघडायचं, आणि तिच्या कामाचं काय ते परवा बसून बोलू, असं त्या म्हणाल्या होत्या. चिडल्या का, मी विचारलं. "त्या चिडत नाहीत, तेच वाईट आहे," ठकू म्हणाली. परवा म्हणजे परवा, त्याला आता मी काय करणार होते. तिच्या मामाला घरी जाऊन काय सांगायचं याचा विचार करायला लागले, तर तेही सुचेना. दोन माणसं शिडी घेऊन आली आणि वरच्या कोपऱ्यापासून चित्र सोडवायला लागली. अंगठा टोकाकडून खाली यायला लागला. आम्ही दोघी बघत होतो. मला त्या माणसांना सांगावंसं वाटत होतं, जरा बेतानं, पण सांगितलं नाही.

ठकू म्हणाली, डावा कान लपवायचा नाही. पेटीच्या मागच्या बाजूला एक छोटा फलक लावायचा, जो मागे जाऊन बघेल त्याच्यासाठी. ती माझ्या पायाशी गालिच्यावर मांडी घालून बसली, कानाची पेन्सिल काढली, गुडघ्यावर कागद ठेवला, आणि आमच्या नोंदवहीत असायचे तसे रकाने पाडले. जागा, तिनं स्वतःच लिहिलं. पदार्थ, तेही लिहिलं, प्लॅस्टर आणि खापराची पूड. रंग कुणाचा, म्हणून माझं नाव घातलं, मी नको नको म्हणत असताना. काम कुणाचं, तिथे आईचं पूर्ण नाव लिहिलं, ठळक, आणि त्याच्याखाली कुणी न सांगता एक रेघ ओढली.

"काळ?" तिनं विचारलं.

मी साल सांगितलं. मग म्हटलं, "दुपार होती. तुझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून वन्सं तुला बरोबर घेऊन आल्या होत्या. सहा वर्षांची होतीस. टेबलाखाली चटईवर झोपली होतीस, त्यांच्या पायावर डोकं ठेवून. त्यांनी अंगठा दाबला, मग माझ्याकडे बघितलं, आणि आम्हाला असं हसू आलं, असं हसू आलं, की पोटात दुखायला लागलं. पण आवाज काढला नाही. तू उठशील म्हणून."

ठकूची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच होती. मग तिनं मान वर केली, आणि सहा वर्षांची असताना रुसून बसायची तशा आवाजात म्हणाली, "मग मला उठवलं का नाही?"